पूर्वेस द्वारका

हडपसर, पुणे

प्रिय द्वारका,

फोनवर तू सगळ्याला 'बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. कागद असा ठेवून देता येत नाही, तो घरात राहतो.

मी मजेत आहे. मार्केट यार्डातला गाळा आता थोरला बघतो, मी नुसता गादीवर बसून असतो. गुडघे गेले, कान मात्र शाबूत आहेत. आपल्या रानांच्या तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहिलेत. दुपार कलली की तुझ्या विहिरीवरच्या जांभळीला ऊन मिळत नाही, तरी ती धरतेच. हट्टी आहे. लावली कुणी होती?

मेथीचे दिवस आले की अजून मंडई आठवते. व्यापारी विचारायचे, आप्पासाहेबांच्या मळ्यातली मेथी आली का? मळा तुझ्या वडिलांचा, पण जुडी तुझी. मुळं एका रेषेत, माती झटकलेली, केळीच्या सोपटानं घट्ट बांधलेली. मी सायकलला दोन्हीकडून पोती लावून ती न्यायचो आणि जुडी सैल झाली तर जीव खालीवर व्हायचा. मग एकदा धीर करून तुझ्या वडिलांसमोर उभा राहिलो. कशासाठी ते तुला माहीत आहे. तू दाराआड होतीस, बांगड्या ऐकू आल्या होत्या. ते रागावले नाहीत. साधेपणानं विचारलं, "नावावर काय आहे तुझ्या?" माझ्याकडे एक सायकल होती, तीही भाड्याची. पुढं साताऱ्याचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी तुला विचारलं, आणि तू म्हणालीस, "बरं." पोती भरत होतो मी अंगणात. तेही ऐकलं.

नावावर असणं म्हणजे काय, ते मी नंतर रजिस्टर कचेरीच्या बाकांवर बसून शिकलो. गंमत अशी, की खरेदीखतात जमिनीची ओळख तिच्या शेजाऱ्यांवरून लिहितात. गट नंबर असतो, क्षेत्र असतं, पण पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, ही चतुःसीमा आल्याशिवाय ते रान कागदावर कुठं टेकत नाही. कितीही मोठा बागायतदार असो, आपण कुठं आहोत हे सांगायला त्याला शेजाऱ्याचंच नाव घ्यावं लागतं. त्याखाली मग ती ओळ येते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह. पुरलेलं धनसुद्धा त्यात धरलंय. पण ते जल कुणी शेंदलं, तो तरू कुणी जगवला, याला तिथं शब्द नाही. वकिलाला एकदा म्हटलं, तर तो म्हणाला, शेठ, ते कायद्यात बसत नाही.

तुमच्या पश्चिमेची खडकाळ पट्टी मी विकत घेतली, तेव्हा तू साताऱ्यात दोन लेकरांची आई होतीस. लोक हसले. विहीर नाही, रस्ता नाही, आप्पासाहेबांच्या बांधाला बांध तेवढा लागतो. मला तेवढाच हवा होता.

तुझा भाऊ गेल्यापासून रान त्याचा पियुष बघतो. पोरगा वाईट नाही, घाईत आहे. बिल्डरशी त्याचं बोलणं झालंय. गेल्या आठवड्यात त्यानं सरकारी मोजणी आणली आणि लगतचा म्हणून मलाही नोटीस आली. मोजणीवाल्या साहेबांनी मशीन लावलं, खुणा रोवल्या, आणि माझा जबाब लिहायला घेतला. पूर्वेस एकट्या पियुषचं नाव. मी विचारलं, द्वारका कुठं गेली? साहेब तरुण होते, सबुरीनं म्हणाले, "आजोबा, त्यांचं नाव सातबाऱ्यावर इतर हक्कात आहे." म्हणजे भावाचा पोरगा वर मालकांत आणि बहीण खाली, सोसायटीच्या कर्जाच्या बोज्याशेजारी.

मी म्हटलं, "इतर मी. इतर तुम्ही. ती ह्या रानात जन्मलीय. पूर्वेस द्वारका, असं लिहा, नाहीतर माझी सही नाही."

पियुष हसला. काका, तुमच्या सहीवाचून काय अडणार आहे, म्हणाला. मी म्हटलं, अडत नाही तर मग मागतोस कशाला? मजूरसुद्धा हसले. साहेबांनी डोक्याचा घाम पुसला आणि माझी हरकत माझ्याच शब्दांत लिहून घेतली. मी ती मोठ्यानं वाचायला लावली, दोनदा.

घरी येऊन कौशल्येला सांगितलं. ती भाकरी थापत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "ती पट्टी का घेतलीत, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. आता त्या बाईला तिचं रान तरी मिळू द्या. लिहा पत्र." म्हणून लिहितोय.

आता कामाचं. पियुषचं खरंच आहे, माझ्या हरकतीनं काम थोडं लांबेल, थांबणार नाही. ते थांबतं तुझ्या सहीपाशी, आणि हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. काल कचेरीबाहेरच्या टपरीवर मी पाठमोरा चहा पीत होतो. एजंटाला तो सांगत होता, "आत्याचं टेन्शन नाही. माझ्या पोरीच्या बारशाला आणतो, पैठणी नेसवतो, दुसऱ्या दिवशी इथं. ती कशालाच नाही म्हणत नाही." तर द्वारका, बारशाला जरूर ये. पैठणी घे, पोरीला मांडीवर घे, तुझीच नात आहे ती. दुसऱ्या दिवशी तुझ्यापुढं एक कागद ठेवतील आणि म्हणतील, आत्या, जरा एक सही. त्याचं नाव हक्कसोडपत्र. रान विकायचं तर तुझं म्हणून विक, ठेवायचं तर ठेव, पियुषला द्यावंसं वाटलं तर तेही दे. पण आधी ते तुझं आहे हे त्याच्या तोंडून वदवून घे. त्या टेबलापाशी 'बरं' म्हणू नकोस. एकदा म्हणालीस, मी ऐकून घेतलं. ह्या खेपेला मी दाराबाहेरच उभा असेन, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

तुझाच, पश्चिमेस,
सर्जेराव