पाकिटातल्या चिठ्ठीवरचा नंबर

बाबूजी, आज मी बाजारात जाऊन नवीन पाकीट घेतलं. जुन्याची शिवण घडीवर उसवली होती आणि परवा लसीकरणाच्या ड्युटीवर जाताना त्यातून लायसन पडता पडता राहिलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये तो जेन्ट्स का है, लेडीज पर्स इधर है." म्हटलं, "भैया, मुझे मालूम है, तुम जेन्ट्स का-च दिखाओ." मग पाचसहा पाकिटं काढायला लावली. घडी उघडमीट करून पाहिली, शिवण नखाने ओढून पाहिली, कोपऱ्याला दुहेरी टाका आहे का ते उजेडात धरून पाहिलं. चेनवालं नको म्हटलं, बटनवालं नको म्हटलं. शेवटी एक साधं तपकिरी निवडलं, कुर्त्याच्या खिशात घातलं आणि त्याच्यासमोर खाली बसून उठून दाखवलं. तो हसला. हसू दे. खिशात टोचणारं पाकीट माणूस घरी ठेवून जातो आणि घरी ठेवलेलं पाकीट काय कामाचं, हे तुमचंच ना? तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दुकानात उभी राहिले की तुमच्याच डोक्याने बघते. त्याचाच मला राग येतो.

तुम्ही स्टेशनसमोर ऑटो चालवायचात आणि मागच्या सीटवर कोणाचं ना कोणाचं पाकीट राहायचं. ते तुम्ही तिथे कधी उघडलं नाही. परक्याचं पाकीट एकट्याने उघडायचं नाही, साक्षीला घरचं माणूस पाहिजे, हा तुमचा नेम. दुपारी जेवायला आलात की स्वयंपाकघरात आईसमोर पाट ठेवायचात, त्यावर पाकीट उघडायचात, आणि मी नि दादा गुडघे टेकून बघायचो. काय काय निघायचं त्यातून! देवांचे फोटो, लेकराचं जावळ, डॉक्टरची चिठ्ठी, सासऱ्याच्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स. सगळं असायचं, पण तो माणूस कोण, राहतो कुठे, त्याचा पत्ता नाही. तुम्ही चिडायचात. "अरे, पाकीट उघडनारा परकाच राहते. त्याले पयल्या झटक्यात समजलं पायजे का कोनाले सांगाचं हाय." एक पाकीट तर आमच्या देवाच्या फळीवर वर्षभर पडून होतं. आई त्यालाही हळदकुंकू वाहायची, तुम्ही ओरडायचात.

मला नर्सची नोकरी लागली तेव्हा मैत्रिणींनी पर्स दिली आणि तुम्ही पाकीट दिलंत. सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "पर्स कोनी हिसकली तं गेली. पाकीट अंगावर राहते." टेलरकडे जाऊन माझ्या सगळ्या कुर्त्यांना खिसे लावून आणलेत. महिनाभराने अचानक हात पुढे केलात, "दाखव." मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हाताने काढून दिलं. तुम्ही ते ओट्यावर पालथं केलंत. बिलं निघाली, कुठली कुठली कार्डं निघाली, फेअर अँड लव्हलीची रिकामी पुडी निघाली. "हे पाकीट हाय का उकिरडा?" एवढे बोललात की माझे डोळे भरून आले. मग स्वतःच बसून सगळं पुन्हा लावून दिलंत. लायसन. एक कार्ड. एक नोट वेगळी, घडी करून, जिला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात पुढे, लग्नपत्रिकेच्या प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी: काही झाल्यास यांना कळवा, खाली तुमचा नंबर.

मी विचारलं, "अना तुमच्या पाकिटात?" तुम्ही काढून दाखवलंत. माझा नंबर होता. दादाचा नाही, माझा. "तो पुन्यात हाय. तो येईपर्यंत मायी राख होऊन जाईल. तू फुलचूरले हायेस, नर्स हायेस. मले काई झालं तं तुलेच समजलं पायजे का नाई?" आई गेलेली होती तेव्हा. मी लग्न होऊन फुलचूरला आले होते आणि गावातले लोक येता जाता ऐकवायचे, मुलगी काय, परक्याच्या घरची. तुमच्या त्या चिठ्ठीने मला केवढी ताठ करून ठेवली होती, तुम्हाला माहीत नाही. कोणी काही बोललं की मी मनात म्हणायचे, बोला, बोला. माझ्या बापाच्या खिशात कोणाचा नंबर आहे ते जाऊन बघा.

आणि मग तो दिवस. तुम्ही भाजीबाजारात पडलात. मोबाईल नेहमीसारखा घरी चार्जिंगला लावलेला. भाजीवाल्या एका बाईने तुम्हाला उचलून ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं, पाकीट उघडलं, चिठ्ठी काढली आणि फोन लावला. लावतच राहिली. मी दहा मिनिटांवर होते, बाबूजी. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी घरी कपडे वाळत घालत होते, फोन खिडकीत ठेवलेला होता. तो वाजलाच नाही. कारण चिठ्ठीवर दादाचा नंबर होता, आणि दादा पुण्यात मीटिंगमध्ये होता, आणि त्याचा फोन बंद होता. त्याने तो दुपारी बघितला, मग मला लावला. मी पोचले तेव्हा तुमच्यावर चादर ओढलेली होती. ती बाई माझ्यासाठीच थांबली होती. तिने पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाई, कवाची फोन लावून राहिली होती मी, कोनी उचलतच नोयतं. बाबा होशात होते. घडीघडी विचारत होते, आली का? आली का?"

आली का म्हणे! कोण येणार होती? तुम्ही मला बोलवायची सोय स्वतःच्या हाताने बंद केली होती. अक्षर तुमचंच होतं, ऑटोच्या पाठीवर लिहायचात तसं मोठं मोठं. शाई ताजी होती, प्लॅस्टिक तेच जुनं. माझा नंबर तुम्हाला पाठ नव्हता, म्हणून त्या बाईला तोंडानेही सांगू शकला नाहीत. आयुष्यभर परक्या माणसांची पाकिटं घरपोच केलीत आणि आपल्या पाकिटात मला फसवलंत. मी काय तुमच्याजवळ जमीन मागितली होती? घर मागितलं होतं? मला फक्त त्या कागदावर राहायचं होतं.

तेरवीला दादाने ती चिठ्ठी पाहुण्यांना दाखवली. डोळे पुसत म्हणाला, "शेवटी बाबूजीनं माझाच नंबर ठेवला होता." मोठे काका म्हणाले, "पोरगाच राहते ना शेवटी." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पंगतीत भात वाढत होते. हातातलं पातेलं तिथेच आदळावं असं झालं, पण वाढत राहिले. तुमच्या औषधांच्या वेळा मला पाठ, तुमच्या चष्म्याचा नंबर मला पाठ, आणि चिठ्ठी दादाच्या पाकिटात. अजून आहे ती त्याच्याकडे. त्यानंतर मी किती जणांजवळ रडले, नवऱ्याजवळ, नणंदेजवळ, उपकेंद्रातल्या आशाताईजवळ. सगळ्यांना हेच सांगितलं की माझ्या बापाने मला दगा दिला. सगळ्या बाया मला धरून रडल्या.

आज ओट्यावर नवीन पाकीट लावत बसले तर माझी लेक म्हणाली, "आई, हे सगळं मोबाईलमध्ये राहते ना आता." म्हटलं, मोबाईल माझ्या बोटाशिवाय उघडत नाही, पाकीट कोणालाही उघडता येतं. कोरा कागद कापला. ती म्हणाली, "माझा नंबर लिही." मी पेन उघडून तशीच बसले. तिला नाही सांगता आलं, म्हणून तुम्हाला लिहून सांगते, आणि हे कागद चुलीत जातील तेव्हा जातील.

तुम्ही पडायच्या चार दिवस आधी माझी लसीकरणाची गर्दी होती. बायांची रांग, लेकरांची रडारड, आणि तुमचा तिसऱ्यांदा फोन आला. सिलिंडरचा रेग्युलेटर बसत नव्हता. मी तुमच्यावर ओरडले. "बाबूजी, दर टायमाले मलेच काऊन? तुमाले एक पोरगा बी हाय ना? त्याले लावा फोन!" रांगेतल्या बायांनी ऐकलं. तुम्ही म्हणालात, "बरं बाई." आणि फोन ठेवलात.

हे मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही एवढं मनावर घ्यायला नको होतं, बाबूजी. रागात बोललेलं कोणी कागदावर उतरवून खिशात ठेवतं का? पण त्यानंतर चार दिवस माझा फोन एकदाही वाजला नाही, आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं.