सोमाजीला खांदा देणारे

मळा, घोडेगाव
ता. ३ नोव्हेंबर १९९७

चि. भरत यास चुलता धर्माजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमी समदे खुशाल. बाजरी काढून झाली. तुजी चिठ्ठी गेणभाऊ सरपंचानं चावडीवर वाचून दाखवली. येशीत लावायच्या सोमाजीच्या फरशीवर घालायचा मजकूर आयकून माजं टकुरं फिरलं. तू ल्हिलंस, शहीद सोमाजी, कंदाहारच्या लढाईत वीरमरण, १८८०. आरं, सोमाजी माजा आजा. माजा बाप बहिरू १८८६ चा. सहा वरसं आदी मेलेल्या मानसाला प्वॉर कसं झालं, ते सूनबाई आरतीला इचार. शाळंत गणित शिकवती ना ती? एका फरशीनं तू अख्ख्या घराला बिनबापाचं केलंस. मी चवथीच शिकलो, पर एवडी वजाबाकी मला येती.

फरशी थांबव. राग मजकुरावर हाय, तुज्यावर निम्माच. बाळ शौर्याला पापा.

तुजा आप्पा

पिंपरी
ता. ११ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप आप्पांस भरतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आरतीनं दोनदा वाचलं नि दोनदा हसली. वजाबाकी बरोबर आहे म्हणाली. पण आप्पा, मी हे मनानं लिहिलेलं नाही. पुण्यात एका जुन्या पुस्तकात पलटणीतल्या मेलेल्यांची यादी सापडली, त्यात पणजोबांचं नाव गावासकट आहे. आमचे वडील, नाना, फक्त म्हणायचे की ते लढाईला गेले. परत आले, हे घरात कुणीच कसं बोललं नाही?

फरशी कोरून झाली. सव्वीस जानेवारीचे पाहुणेही ठरलेत. गेणभाऊंना फोन केला, तर म्हणाले, शहीद शब्दाला वजन आहे, जिवंत घरी आलेल्याला कोण हार घालतो? खरं काय ते तुम्हीच लिहा.

निम्मा राग पोचला. उरलेला तुमच्यापाशीच असू द्या.

आपला भरत

मळा, घोडेगाव
ता. २० नोव्हेंबर १९९७

चि. भरत यास आशीर्वाद. वि. वि.

कोन बोलंल? लाज व्हती म्हून न्हाई बोललं. मला साळुआजीनं सांगितलं. ती सोमाजीची बायको. ती गेली तवा मी पंधरा वरसांचा व्हतो.

पलटणीचा कागद आला, सोमाजी मेला. भावकीनं पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, तेरावं घातलं, अठरा वरसांच्या साळुआजीच्या बांगड्या फोडल्या. दोन वरसांनी त्यो लंगडत दारात हुबा. मांडीत गोळी. कुठल्याशा दवाखान्यात निपचित पडला व्हता, तिकडं त्याला मेल्यांत धरला.

भावकी काय म्हनली? जाळलेल्याला घरात घेता येत न्हाई, पुन्यांदा जल्म घ्यावा लागंल. पाळण्यात घालू, बारसं करू, मग साळूसंगं नव्यानं लगीन लावू. सत्तावीस वरसांचा मिशाळ गडी! त्यो म्हनला, तोफंम्होरं आडवा झालो न्हाई, तुमच्या पाळण्यात व्हईन व्हय? गेला मळ्यात, खोप घातली. तिसऱ्या दिशी साळुआजी बाजारात गेली, आपल्या मनानं बांगड्या भरल्या आन् खोपीत नांदाय आली. दोघंबी वाळीत. पलटणीचा कोट त्यानं बुजगावण्याला घातला आन् एकोणतीस वरसं बाजरी पिकवली.

१९११ ला मोट हाकताना बसला, त्यो उठलाच न्हाई. बहिरू घरोघर हाक मारून आला. भावकी म्हनली, ह्याला आमी एकदा जाळलाय. मग एक खांदा बहिरूनं धरला, दुसरा भागू ठाकरानं. बाजारातल्या हस्तीमल शेठनं दुकान बंद करून तिसरा. चवथा मानूस मिळंना, तवा साळुआजीनं पदर खोचला.

एकदा भावकीनं मारला, आता तुमी मारू नका. आन् गेणभाऊ त्याच भावकीतला. पाळणा कुनाच्या घरचा आनला व्हता, ते त्याला इचार.

आरतीला सांग, तिची मान साळुआजीवानी ताठ हाय.

तुजा आप्पा

मळा, घोडेगाव
ता. १५ फेब्रुवारी १९९८

चि. भरत यास आशीर्वाद. वि. वि.

शौर्याचा ताप उतरला, बरं झालं. त्याच्यापायी सव्वीसला तू आला न्हाईस तेबी बेस झालं, तुजी फजिती वाचली.

इतकं सांगून गेणभाऊनं तीच फरशी लावली. पडदा वढला. पाहुणं बोलाय लागलं, ऐन जवानीत वीर पडला, मागं कुनी न्हाई. मी हुबा ऱ्हायलो. माज्यासंगं आपली समदी मानसं हुबी ऱ्हायली, तान्ह्या पोरापातुर सदतीस. म्हनलं, सायब, मोजून घ्या, ही त्याच्या मरनामागची पैदास. लोकं लई हसली. पाहुणं शाणं व्हतं, हार टेबलावरच ठिवला.

नवव्या दिशी गेणभाऊ पाथरवटाला घिऊन मळ्यात आला. म्हनला, फरशीची पाठ कोरी हाय, काय घालायचं ते घाला, पर आता माजं डोकं खाऊ नका.

घातलं. सोमाजी. लढाईतून घरी आला. मळ्यात मेला. खाली खांदेकरी: साळुबाई, बहिरू, भागू ठाकर, हस्तीमल शेठ.

काल भावकीतली म्हातारी मंडळी जाब इचाराय आली. बाईचं नाव, आन् तेबी पैलं? आन् आमच्या वाडवडलांचं एकबी कसं न्हाई? मी म्हनलं, जागा रिकामी व्हती, हाकबी मारली व्हती, तुमचं आजं तवा घरातच बसलं व्हतं.

बाजरी धाडतो. येशीला उतरलास की आदी फरशी वाच, मग घरी ये.

तुजा आप्पा