मुद्दाम पाडलेला पोचा

४ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींची कंबर अजून रुसलेलीच आहे हे वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, निदान तिच्या निमित्ताने तरी घरात बसा.

इथे नवीनच काहूर उठलंय. आपली बादल्यांच्या कारखान्याची शेड आहे तो सगळा भाग कारखान्यांसाठी राखलेला, तिथे दुकानं चालत नाहीत हे तुला ठाऊक आहे. आता ती चालू द्यावीत का, असं नगरपालिकेने विचारायला घेतलंय. २० तारखेला सुनावणी आहे. फर्निचरवाल्याने तर कोपऱ्यावरचा बंद पडलेला साबणाचा कारखाना आत्ताच मोजून ठेवलाय, आणि आजूबाजूच्या शेडवरही त्याचा डोळा आहे.

बारके, दुकान आलं की मागोमाग तक्रार येते. आपल्या प्रेसचा दणका तू पाळण्यापासून ऐकलायस, पण सोफा घ्यायला आलेल्या माणसाला तो कसा खपेल? आज त्यांना आवाज नको, उद्या आपण नको. मग जागांचे भाव चढतील आणि एकेक जण शटर ओढून मोकळा होईल. मला बादल्या आणि झाऱ्या यांच्यापलीकडे काही येत नाही. माझ्याकडची माणसंही त्यातच मुरलीत. या वयात आम्ही कुठे जावं?

गंमत म्हणजे विरोधी पक्ष घरातच आहे. तुझी वहिनी दुकानांच्या बाजूने, कारण तिची फाटकावरची खिडकी. नियम असा की कारखान्यातून चांगला माल किरकोळीत विकायचा नाही, फक्त खराब निघालेला फाटकावर काढता येतो. नवीन प्रेस घेतल्यापासून आपल्याकडे खराब माल निघतच नाही, आणि गिऱ्हाईक तर दारात उभं. तेव्हा ही बाई काय करते, तर चांगल्या बादलीला तळाशी लाकडी हातोड्याने एक पोचा पाडते आणि ती खराब म्हणून विकते! मी घडवायची, हिने ठोकायची, असा आमचा संसार चाललाय. पण खोटं कशाला बोलू, व्यापाऱ्यांनी हात आखडल्यापासून त्या खिडकीवरच आमचे पगार निघतात.

शेड आपल्या दोघांच्या नावावर आहे. तेव्हा तुझं मत काय ते कळव. आपल्या लोभावर जस्ताचा आणखी एक हात चढू दे.

तुझा,
दादा


१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीच्या हातोड्याचं वाचून मी इतकी हसले की हे उठून बाहेर आले. त्यांना वाचून दाखवलं, तर हसता हसता त्यांच्या कंबरेत चमक भरली. या आठवड्याच्या दुखण्याला वहिनी जबाबदार आहे असं त्यांनी कळवायला सांगितलंय.

सुनावणीत तू जरूर बोल. इस्त्रीचा शर्ट घाल, आणि चिडलास की तुझा आवाज प्रेसच्याही वर चढतो, तेवढं सांभाळ. आपल्याच फाटकावर खिडकी असताना फार नाकाने कांदे सोलू नकोस.

आमच्या थोरल्याला जुळ्या मुली झाल्यापासून त्याच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. सून बिचारी कपडे वाळत घालते ते स्वयंपाकघरात. बाकी सगळं ठीक. परवा एक गृहस्थ पत्ता शोधत आले होते. शेडबद्दल विचारत होते. चहा घेऊन गेले, विशेष काही नाही.

मताचं म्हणशील तर आधी सुनावणी होऊ दे. वहिनीला नमस्कार. आहे तो लोभ असाच सांभाळ.

तुझी,
बारकी


२२ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

झाली एकदाची सुनावणी. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

फर्निचरवाला गोड बोलला. दुकानं आली की रस्त्यावर दिवे येतील, माणसं येतील, म्हणाला. मग मी उठलो आणि ठणकावून सांगितलं की या जमिनीवर किरकोळ विक्रीची डाळ अजिबात शिजू देऊ नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसतोय तोच मागून शाळेतल्या शिपाईणबाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की आमच्या शाळेत यांच्याच बादल्या आहेत, एकूण एक बादलीला एकाच जागी पोचा आहे, तर यांचं मशीन बिघडलंय की काय.

मी शर्टाची बाही सारखी करत बसलो. पण तुझी वहिनी ताडकन उठली आणि तिने सगळं सांगून टाकलं. नियम धड राहावा म्हणून आम्ही धड बादली बिघडवतो, असं ती म्हणाली. सभागृहात हशा पिकला. अध्यक्षबाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी हिला विचारलं की तुम्हाला परक्यांची दुकानं हवीत की आपली खिडकी. ही म्हणाली, खिडकी. इतके दिवस मी तिच्याशी कशावरून भांडत होतो कोण जाणे.

निकाल पुढच्या महिन्यात आहे. तोवर खिडकी बंद ठेवायला सांगितलंय. दुकानं आली तर शेड जाईल, नाही आली आणि नियम कडक झाला तर खिडकी जाईल. म्हणजे दोन्हीकडून मरण.

आणि बारके, ते गृहस्थ कोण होते? विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. जागा निम्मी तुझी आहे, तुझा हक्क मी नाकारणार नाही. फक्त काय ते मला आधी सांग. लोभाची आज जरा जास्तच गरज आहे.

तुझा,
दादा


१० एप्रिल

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

सुटलो! बाहेरच्या दुकानांना परवानगी नाही. पण जो जिथे माल घडवतो त्याला तिथेच, पुढच्या बाजूला थोड्या जागेत, तो विकता येईल. चांगला माल, उजळ माथ्याने.

तुझी वहिनी आधी हसली, मग खिडकीत बसून रडली. गिऱ्हाइकं बिचारी ताटकळत राहिली. माझेही डोळे भरून आले. धूळ गेली म्हणालो, पण कोणी विश्वास ठेवला नाही. प्रेसवरच्या मंडळींना दुपारनंतर सुट्टी दिली, तर कोणी घरी जायला तयार नाही.

त्या गृहस्थांबद्दल तू काही लिहिलं नाहीस. आता नाही लिहिलंस तरी चालेल. सगळ्यांना आशीर्वाद आणि भरपूर लोभ.

तुझा,
दादा


१६ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला चालेल, पण मला चालणार नाही. ते गृहस्थ फर्निचरवाल्याकडचेच होते. ते एकदा नाही, तीनदा आले. निकाल दुकानांच्या बाजूने लागला तर आपली शेड घ्यायची त्यांची तयारी होती. माझ्या वाट्यात थोरल्याचं ऐसपैस घर झालं असतं. मी त्यांना हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. दर वेळी चहा तेवढा केला.

थोरला मुलीला मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसायचा. आधी सांग असं तू लिहिलंस, म्हणून मी दोनदा लिहायला बसले. पण काय सांगायचं तेच ठरेना. भाऊ की मुलगा, असं कोणी कोणाला विचारू नये रे.

काल तुझं पत्र वाचलं. असा निकाल लागला तर मनात रुखरुख राहील असं मला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. मी पोटभर जेवले आणि दुपारी गाढ झोपले. थोरल्याला सांगितलं तर तोही म्हणाला की बरं झालं, मामाला तोंड कसं दाखवलं असतं. आता त्याचं बिऱ्हाड आमच्याकडेच येतंय. ह्यांनी कंबर विसरून मागची खोली रिकामी करायला घेतलीय.

दादा, नगरपालिकेने माझ्यावर वेळच येऊ दिली नाही, म्हणून मी तुझी चांगली बहीण राहिले. वेळ आली असती तर काय केलं असतं, ते मला अजूनही माहीत नाही. एवढं तुला ठाऊक असू दे, आणि ठाऊक असूनही लोभ कमी करू नकोस.

तुझी,
बारकी