शिरूरची कोंबडी

शिरूर,
ऑक्टोबर १९६३

प्रिय नजमुन्निसा,

माझं अक्षर तू पहिल्यांदाच पाहतेस. चौथीपर्यंतची शाळा माझी, चुकलंमाकलं समजून घे. बाळाचा खोकला थांबल्याचं लालबीच्या अब्बांकडून कळलं, बरं वाटलं. आता थंडी पडेल, त्याचे कान झाकत जा. बाळंतपणात मी कोंबडी पाठवली म्हणून तू मला दुआ दिलीस, तीही पोचली. पण ती माझ्या नावावर ठेवायला मन घेत नाही. ती कोंबडी मी पाठवली नव्हती. आमच्या शेजारच्या साखरबाईची होती ती, आणि आपल्या लालबीनं चोरली होती.

लगेच कपाळाला हात लावू नकोस, सगळं ऐक. तुला माहीतच आहे, आमचा तलाक झाल्यापासून लालबीचे अब्बा सुट्टीत तिला न्यायला यायचे ते कोपऱ्यापर्यंतच. ते तिथं उभे राहायचे, लालबी पिशवी घेऊन जायची. मी दारातून हात हलवायची, झालं आमचं बोलणं. त्या दिवशी पोरीनं कुंपणाआड दुसरी पिशवी लपवून ठेवली होती. अब्बांनी विचारलं तर म्हणाली, ‘अम्मीनं छोट्या अम्मीसाठी दिलीय.’ एस.टी.त कोंबडी ओरडायला लागली की ही मोठमोठ्यानं शाळेतल्या कविता म्हणायची. अब्बा खूश, की पोरगी किती हुशार झाली! तिकडं तुमच्याकडं त्याच दिवशी कोंबडीचा शोरवा झाला, आणि इकडं साखरबाई सगळ्या आळीला ऐकवत फिरत होती, ‘माझी रोज अंडं देनारी तलंग कुनी नेली गं!’ मीसुद्धा तिला म्हणाले, मुंगसानं नेली असेल.

लालबीला परत सोडायला आले तेव्हा तिचे अब्बा कोपऱ्यावर थांबले नाहीत, थेट दारात आले. म्हणाले, ‘रशिदा, तू कोंबडी पाठवलीस, नजमुन्निसाच्या डोळ्यांत पाणी आलं.’ मी विचारलं, कसली कोंबडी? लालबी खाली बघायला लागली, आणि मला सगळं कळलं. मग आमचं जुंपलं. ते म्हणाले, पोर तुझ्याकडं राहते, तुझं लक्ष कुठं असतं? मी म्हणाले, आणि तुम्ही तिच्या हातात दुसरी पिशवी बघून एका शब्दानं मला विचारलं नाही. पूर्वी भांडायचो अगदी तसंच. तेवढ्यात लालबी रडत ओरडली, ‘चोरी मी केली, तुम्ही का भांडता?’

का केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाळंतिणीला कोंबडी द्यावी असं नळावर बायका बोलत होत्या. आपल्याकडं कोंबडी नाही. आणि अम्मीनं पाठवली म्हटलं की छोटी अम्मी अम्मीला चांगलं म्हणेल. मारायला उचललेला हात माझा तसाच राहिला. पण तिचे अब्बा म्हणाले, मनात काहीही असो, कोंबडी दुसऱ्याची होती. चला तिघंही.

साखरबाईनं काही गोडीनं घेतलं नाही. लालबीनं कबूल केलं तशी ती आम्हां दोघांवरच उसळली. ‘आई एकीकडं, बाप एकीकडं, आन् पोरीकडं बघायचं कुनी? मी?’ दौंडला आमच्या संसारात आवाज चढला की तिचे अब्बा टोपी उचलून कामाची, रेल्वेच्या लोको शेडची वाट धरायचे. तुला वेगळा अनुभव असेल तर चांगलंच आहे. त्या दिवशी मात्र ते हलले नाहीत. माझ्या शेजारी उभे राहून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मावशी, चूक आमच्या दोघांच्या पोरीची हाय. भरून आम्ही दोघंबी देऊ.’ बाजारातून त्यांनी दोन तलंगा आणून दिल्या. मी साखरबाईला दोन चोळ्या शिवून दिल्या. आणि लालबी रोज शाळेआधी तिचं खुराडं झाडते. आता तर साखरबाईच तिला हाका मारते, शेजारी बसवून कोणती कोंबडी कुडकुड आवाज करायला लागली की अंडं देणार ते शिकवते. पोरगी तिथून अंगावर पिसं घेऊन हसत येते. तुला खरं काय ते मीच सांगायचं, असंही आमचं ठरलं, कारण खोटं माझ्या नावानं बोललं गेलं होतं. आता तिचे अब्बा येतात तेव्हा दारात चहा पितात आणि आम्ही पोरीबद्दल बोलतो. नवराबायको असताना आम्हाला हे जमलं नाही.

नुसतं खरं काय तेवढंच सांगायचं असतं तर भेटीपर्यंत थांबले असते. पण दिवाळीची सुट्टी लागतेय आणि लालबी दौंडला यायला तयार नाही. बाळासाठी जीव टाकते. झोपेत त्याचं नाव घेते. पण ‘छोट्या अम्मीला तोंड कसं दाखवू’ म्हणून पिशवी भरत नाही. अब्बांनी समजावलं, मी समजावलं. आम्हां दोघांच्यानं होण्यासारखं होतं ते झालं, पुढचं तुझ्याच हातात आहे. रागवायचं असेल तर जरूर रागव, तुझा हक्क आहे, पण जवळ बसवून रागव. तिच्या नावानं दोन ओळी लिही, ‘ये’ म्हणून. तिच्या नावाचं पत्र अजून कधी आलेलं नाही या घरात. आणि तुला न विचारता मी तिला सांगूनही बसलेय, की दौंडहून तुझं पत्र येणार आहे.

पोस्टमनच्या वाटेकडं लालबीइतकेच डोळे लावून बसलेली,
तुझीच,
रशिदा