ही भिंतच आहे

४ मे, रविवार
परसातली माती दरवर्षी उतारावरून खालच्या सुवर्णाताईंच्या अंगणात जाते. यंदा नाही. रिटेनिंग वॉल बांधायची, तीही स्वतः. व्हिडिओ बघितला. सोपं आहे. खाली दगड, वर दगड.

५ मे
महापालिकेत चौकशी. नकाशा, इंजिनियरचं डिझाइन, परवानगी, सगळं लागतं म्हणे. भिंत बुटकी असेल तर? क्लार्क म्हणाला, आधी किती उंच ते ठरवा साहेब, मग या. ठरवलं. जायचंच नाही. इंदिराला सांगितलं, बागकाम काढतोय. खोटं नाही. बागेतलं काम म्हणजे बागकामच.

११ मे
दोन थर झाले. कमरेत उसण. इंदिरा म्हणते गवंडी बोलवा. गवंड्याला आपल्या मातीबद्दल आस्था नसते, हे तिला पटत नाही.

१२ मे
आराम. भिंतीचा विचार मात्र चालू.

१३ मे
तेच.

१८ मे
भिंत छातीपर्यंत! सुवर्णाताईंनी खालून विचारलं, पुढे झुकलीय का हो? समजावलं, तुम्ही खालून बघताय म्हणून तसं वाटतं. त्यांच्या सासूबाई विमलाबाई आता रोज सकाळी खुर्ची टाकून माझ्या भिंतीच्या सावलीत बसतात. एवढ्या पाथर्डी फाट्यावर कदर आहे ती त्यांनाच.

२० मे
इंदिराशी वाजलं. म्हणे, पडली तर त्या म्हातारीच्या अंगावर पडेल. मी म्हणालो, दगडाचं वजन सरळ खाली जातं, पुढे नाही. कुठे वाचलंत, असं तिने विचारलं. तेवढ्यात फोन आला म्हणून उत्तर राहिलं. (कस्टमर केअरचा होता. बराच वेळ बोललो.)

२३ मे
महापालिकेच्या इंजिनियर मॅडम गल्लीत कुणाची तरी गॅलरी बघायला आल्या होत्या. इंदिराने त्यांना थेट आमच्या परसात आणलं. सख्खी बायको! मी घाईघाईने भिंतीवर सतरंजी वाळत टाकली. मॅडमनी सतरंजीचं टोक उचलून बघितलं. म्हणाल्या, "काका, हे दगड आधी बाजूला करून घ्या. मग भिंत कुठे घ्यायची ते बघू."
म्हणजे सुटलो! गप्प बसायचं होतं. पण दगड?
"मॅडम, ही भिंतच आहे," मी म्हणालो.
त्यांनी परत बघितलं. "नक्की?"
"नक्की. मी स्वतः बांधलीय."

२७ मे
नोटीस आली. स्वखर्चाने पाडा. दोनदा वाचली. तिच्यात 'बांधकाम' असा स्पष्ट शब्द आहे. इंदिराला दाखवला.

३१ मे, शनिवार
पाडायला चार दिवसांची रजा टाकली. वरून एकेक थर काढायचा, शास्त्रशुद्ध. इंदिराने सकाळीच खाली जाऊन विमलाबाईंना घरात नेलं. मी वरून ओरडलो, अगं घाई कशाला, भिंत मजबूत आहे, पडायला वेळ लागेल. हातोडा भिंतीला टेकवला आणि चहा घ्यायला वळलो.
मागे आवाज झाला. बराच वेळ होत राहिला.
धूळ खाली बसल्यावर विमलाबाईंची खुर्ची दिसेना. मग तिचा एक पाय दिसला.
विमलाबाई दारात आल्या. दगडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला नाय ना लागलं, भाऊ?"
मी तसाच खाली धावलो.
इंदिराने खुर्चीचा तो पाय उचलून माझ्या हातात दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

४ जून
परवानगीचा अर्ज गेला. डिझाइन लायसन्सवाल्या इंजिनियरचं. घर इंदिराच्या नावावर, त्यामुळे अर्जावर सही तिची. सोबत सुवर्णाताई गेल्या. मी येऊ का विचारलं. दोघी एकदम नको म्हणाल्या.
मला खालचे दगड उचलायचं काम आहे. सुवर्णाताईंनी हातमोजे दिलेत. विमलाबाई लांब, ओट्यावर बसून कुठला दगड आधी उचलायचा ते सांगतात.
मी हो म्हणतो.