परसातली गाडी मागं कशी आली

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता चार शब्द सुनावायला हरकत नसावी. जन्मभर गार्ड म्हणून गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलात आणि निवृत्त झाल्यावर घरात मात्र इंजिनासारखे सगळ्यांच्या पुढे!

निजामाची रेल्वे सरकारजमा झाली त्याच सुमारास तुम्ही घरी आलात. रोज सकाळी कोट चढवून ओसरीवर बसायचात. जायचं कुठंच नसायचं. मग शेजारचे तुमचे दोस्त, ते मस्तगडच्या बाजारात पत्र्याच्या चिमण्या अन् नरसाळी करणारे चाचा, मोडक्या ग्रामोफोनची स्प्रिंग घेऊन आले. "गार्डसाब, इसमें दम है अभी." रॉकेलच्या डब्याचं इंजिन झालं, जिनिंग कारखान्यातून कापसाच्या गाठींच्या लोखंडी पट्ट्या आल्या, त्यांचे रूळ झाले. रुळांखाली घालायचे बाभळीचे स्लीपर तासायचं काम माझ्याकडे. "शास्त्रीबुवा, खिळा धरता येतो का? मंग धरा," असं तुम्ही संस्कृत शिकणाऱ्या मला चिडवलंत आणि हातोडा बराबर माझ्या अंगठ्यावर मारलात. परसात सपाट जागा एकच, तुळशीभोवतीची. तिथंच रूळ गोल फिरले. आईनं इंजिनाला कुंकू लावलं, डब्यात पारिजातकाची फुलं ठेवली. गुडघे दुखायचे तिचे, म्हणाली, "आजपासून माझ्या फेऱ्या ही घालील."

इथवर सगळं सुखाचं. पण तुम्हाला सुधारणा सुचली: गाडीनं मागं यायला पाहिजे, शंटिंग झालं पाहिजे. आई कणकेच्या हातांनी बाहेर आलेली मला अजून दिसते आहे.

"तुळशीला उलटी फेरी? मी जिती हाये तोवर न्हाई."

"अगं, मागं येत न्हाई ती गाडी नसते, तेल्याचा घाणा असतो."

"मंग घाणा म्हणा. तेल तरी निघंल."

चाचा हसू दाबत म्हणाले, "गार्डसाब, भाभी का सिग्नल लाल है." तुम्ही हसला नाहीत. शिट्टी खुंटीला अडकवलीत आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कोट, पुन्हा ओसरी. जेवण ताटात तसंच राहू लागलं. आईनं तुमच्यासाठी धपाटे केले, तुम्ही निम्मा खाल्लात. ती चुलीपुढं मला हळूच म्हणाली, "हे असेच बसून राह्यले तर हातचे जातील रे. इतकं शिकलास, काही तरी शास्त्र बघ की. पण तुळशीला उलटं न्हाई बरं."

माझ्या संस्कृताला घरात आलेली ही पहिली मागणी. मी तिला म्हणालो, "आई, महादेवाला पूर्ण फेरी नसते. पाण्याच्या पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आलं तसं मागं फिरायचं." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हणजे मागं आलेलंही पुण्याचंच. बिलकुल बराबर." ओसरीवर तुम्ही ऐकत नसल्यासारखे बसला होतात, फक्त हात खुंटीकडे गेला होता.

गवती चहाशेजारची जागा सपाट करून आपण तिथं महादेव बसवला. पिंडी अंबडच्या बाजारातून आली, पन्हळ चाचांनी पत्र्याची केली. रूळ आता अर्धगोल. गाडी पन्हळीपाशी थांबते, तुम्ही उकिडवे बसून इंजिन सोडवता, दुसऱ्या टोकाला जोडता, शिट्टी फुंकता आणि गाडी मागं निघते. आई हात जोडून उभी. देवाला की गाडीला, हे मी विचारलं नाही. त्या दुपारी तुम्ही ताट पुसून जेवलात.

आता रूळ गंजून गेले. महादेव आहे. सोमवारी गल्लीतल्या बाया बेल वाहून जातात आणि हे स्थान फार जुनं, जागृत आहे असं एकमेकींना सांगतात. मी त्यांची समजूत दुरुस्त करत नाही. शास्त्रात पत्र्याच्या वाहनाचा उल्लेख नाही, हेही मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं विचारलं नाही, आणि तिला ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

हे पत्र टपालात जायचं नाही. टपालगाडी तुमच्या स्टेशनावर थांबत नाही. एवढंच सांगायचं होतं की सोमवारी मीही पन्हळीपर्यंत जातो. मागं वळण्याआधी आसपास कुणी नाही ना ते बघतो, आणि ओठांतल्या ओठांत बारीकशी शिट्टी वाजवतो.