ओट्यावरचं मौन

चिखली

ती. अर्जुनदादांस,

गुलाबरावचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा पत्र बसूनच वाचावं. (फोन तुम्ही माझा कापता, म्हणून पत्र.) घरी सगळे सुखरूप असतील, त्यात तुमची बहीणही आलीच.

मंगळवारी जे झालं त्यात माझा दोष एवढाच की मी गप्प बसलो. बीपी वाढल्यावर डॉक्टर म्हणाले, सकाळ शांततेत घालवा. लेकीनं, काजलनं, पुण्याहून नियम पाठवले: पाचला उठायचं, चहा नाही, मोबाईल कपाटात, सातपर्यंत डोळे मिटून मौन. एकवीस दिवस खंड पडला नाही तर सवय कायमची लागते म्हणे. एकोणीस दिवस मागच्या अंगणात काढले, पण तिथले डास माणूस उचलून नेतील असे, म्हणून विसाव्या दिवशी पुढच्या ओट्यावर बसलो.

आता आपल्याकडे भल्या पहाटे माणूस बिनचहाचा, डोळे मिटून ओट्यावर बसला तर लोक काय समजतात, हे पुण्यात कुणाला ठाऊक? आधी शेजारचा कडूबा आला आणि काही न विचारता जवळ बसला. (अशा वेळी विचारायचं नसतं, एवढी रीत त्याला आहे.) त्याला पाहून आणखी आले. साडेसहाला डोळे किलकिले केले तर अकरा माणसं, माना खाली घालून. मला वाटलं, माझं पाहून गल्लीला वळण लागलं! छाती भरून आली, डोळ्यांत पाणी आलं. ते पाणीच नडलं.

तेवढ्यात तुमची बहीण दूध घेऊन परतली. तुमचं ऑपरेशन कडूबाला माहीत होतं, बाकीचं त्यानं जुळवलं. "वैनी, धीर धरा, अर्जुनराव गेले." मी हात हलवून नाही-नाही केलं, तर लोक म्हणाले, "पाहा, त्यायले बोलनंबी होऊन नाही राह्यलं." सातला दहाच मिनिटं उरली होती, दादा! तेवढ्यात तिला घेऊन जीप तुमच्या गावाकडे निघालीसुद्धा. वाटेत तुम्हाला फोन लावायचं कुणाला सुचलं नाही, लावणार तरी कुणाला?

तुम्ही ओसरीवर पोहे खात बसला होता, हे नंतर कळलं. हार घेऊन आलेल्यांना तुम्ही चहा पाजलात, हे तुमचं मोठेपण. ती मात्र तिथेच राहिली, त्याला आज नऊ दिवस झाले. घर इतकं शांत आहे की बीपी मोजायची भीती वाटते. तिची फार आठवण येते, सरळच लिहितो.

आपला,
गुलाबराव

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. "तुह्या कामाचं नाही" म्हणा, तिच्या नजरेसमोर ठेवा आणि बाहेर निघून जा.

ता. क. काजलची आई, मिळेल ती गाडी धर. मी स्टँडवर उभा राहतो. चारचौघांत काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.